ज्याचा बांध, त्याचं चित्र

आई,

११ मे १९५८, रविवार, सकाळी पावणेदहा वाजता, पोलादपूरच्या अलीकडे सावित्रीच्या काठी एका शेताच्या बांधावर, तू माझं चित्र मला न विचारता एका परक्या माणसाला देऊन टाकलंस. वेळ मला पक्की ठाऊक आहे, कारण ते चित्र माझ्या मांडीवरून उचललं गेलं तेव्हा वरच्या रस्त्याने महाडची एस.टी. गेली आणि तू म्हणालीस, "गेली पावणेदहाची. आता दुसरी मिळेपर्यंत बसा." तारीख-वेळ आधी लिहिली, कारण मी वकिलाची मुलगी आहे आणि तक्रार करायची तर ती कशी लिहायची हे मला बाबांनी शिकवलं आहे. तू जाऊन आता पन्नास वर्षं होऊन गेली. माझा राग अजून शाबूत आहे. मी दुःखी नाही, हे आधीच सांगते. तुझी मुलगी खाऊन-पिऊन सुखी आहे, सकाळी दोन कप चहा घेते आणि रोज चित्र काढते. पण सुखी माणसाला राग येऊ नये असा काही कायदा नाही.

तुझी ओळख तुलाच करून द्यायची म्हणजे गंमत आहे, पण रागाने लिहायला बसलं की माणूस मुळापासून सुरू करतो. गिरगावातली मुलगी, लग्नाआधी दोन वर्षं चित्रकला शिकलेली, महाडच्या वकिलाला दिली. इथे आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात तू बाबांना सांगितलंस की रविवारी सकाळी घरात तू नसशील. बाबांनी वर्तमानपत्रातून डोकं काढून विचारलं म्हणे, "मग जेवण?" तू म्हणालीस, "शनिवारी रात्रीच करून ठेवीन." एवढ्यावर तडजोड झाली. दिवाळी उलटली की रविवारी पहिल्या गाडीने निघायचं, पाऊस सुरू होईपर्यंत. कधी पाचाडकडे, कधी गांधारीच्या काठी, पण बहुतेक वेळा पोलादपूरच्या बाजूला, कारण तिकडे डोंगर एकामागे एक उभे असतात आणि मागचा डोंगर पुढच्यापेक्षा फिका दिसतो, हे तुला काही केल्या पुरेसं बघून होत नसे. चित्राचा कागद टाचायला तू स्वयंपाकघरातला जेवायचा पाट घेऊन जायचीस. सावलीला बाबांची कोर्टात नेऊन जुनी झालेली काळी छत्री. पाण्याला पितळी फुलपात्र. लसणीची चटणी आणि भाकरी फडक्यात. पाचवारी साडीचा पदर खोचून तू बांधावर पाट मांडीवर घेऊन बसलीस की लांबून वाटे, बाई उन्हात जेवायला बसली आहे आणि वाढणारं कुणी येत नाहीये.

महाडात लोक बोलायचे ते तुझ्या कानावर येत असणारच. वकिलीणबाई नदीवर जाऊन काय करतात, हा बाजारपेठेतला प्रश्न होता. चैत्रातल्या हळदीकुंकवाला तर तू स्वतःच लोकांच्या हातात कोलीत दिलंस. इतर घरी गौरीपुढे पायऱ्या-पायऱ्यांची आरास, खेळणी, लाडू-करंज्यांची ताटं, कलिंगडाची कमळं. आपल्या घरी पांढऱ्या चादरीवर तीन आंबे, एक पितळी तांब्या, आणि खिडकीतून येणारा उजेड. समोर तू, मांडीवर पाट घेऊन. बायका आल्या, बघत उभ्या राहिल्या. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अहो, बाकीची आरास अजून लावायची आहे का? हातभार लावू?" तू मान वर न करता म्हणालीस, "बसा ना पाच मिनिटं. तांब्यावरचं ऊन चाललंय." त्या बसल्या. पन्ह्याचे पेले आतमध्ये भरून तयार होते, पण ते द्यायला उठायचं कुणी? मी नऊ-दहा वर्षांची, मला लाजेने मेल्यासारखं झालं होतं. जाताना काकू दारात दुसरीला म्हणाल्या, "गौरीला उपाशी ठेवलं, पण काढलंय मात्र छान." हे मी ऐकलं. तुला मुद्दाम सांगितलं नाही, तू चढली असतीस.

तुझ्या त्या नियमाबद्दल. तोच या तक्रारीचा मुद्दा आहे. कूळकायदा आला ती वर्षं. कुणाची जमीन कुणाच्या नावावर लागणार, यावरून गावागावांत कुजबुज होती आणि निम्मी कुजबुज आपल्या ओटीवर पक्षकार म्हणून येऊन बसायची. अशा दिवसांत वकिलाची बायको छत्री लावून दुसऱ्याच्या शेताच्या बांधावर बसते आणि समोरचं शेत कागदावर उतरवते. पाचाडला चार माणसं तुझ्याभोवती जमली तेव्हा मी तुझ्या शेजारी पाय सोडून बसले होते. एकाने विचारलं, "बाय, मोजनी कसली चाललीय?"

"मोजणी नाही. चित्र काढतेय."

"कुनासाठी?"

"माझ्यासाठी."

यावर कुणाचाही विश्वास बसला नाही, आणि का बसावा? स्वतःसाठी कुणी दुसऱ्याचं शेत काढतं का? एक म्हातारे गृहस्थ पुढे झाले, चित्राकडे बघत राहिले आणि शांतपणे म्हणाले, "वकिलाच्या घरात आमचं शेत कागदावर जानार. मंग आमी काय समजायचं?" तू क्षणभर त्यांच्याकडे पाहिलंस. मग टाचण्या काढल्यास, ओला कागद दोन्ही हातांनी उचलून त्यांच्यापुढे धरलास. "घ्या. कागद तुमच्याकडेच राहू दे." ते म्हातारे गोंधळले. कागद घेतला, उलटा करून मागे काही लिहिलंय का ते बघितलं, आणि मग एकदम हसले. "ह्यात माजी बायको पन हाय का गो? ती बघ, तितं वाकलेली." होती. दोन ठिपक्यांची होती, पण होती. त्या दिवसापासून तुझा नियम ठरला, ज्याच्या बांधावर बसायचं त्याला एक चित्र द्यायचं. बाबांना तो फार आवडला. म्हणाले, "बरं झालं. नाहीतर माझ्याच कोर्टात माझ्या बायकोवर दावा लागला असता, आणि फी कुणाकडून घेऊ?"

तुझी चित्रं अशी खोऱ्याभर गेली. पुढे कधी त्या वाटेने गेलो की ती दिसायची. कुठे भाताच्या खळीने भिंतीला चिकटवलेली, कुठे कुडाला पडलेल्या भोकावर लावलेली, धुराने पिवळी पडलेली. तुला वाईट वाटण्याऐवजी तू हरखून जायचीस. "बघ, कुडाचा रंग आणि आकाशाचा रंग एकच झालाय." जी चित्रं जमली नाहीत ती मात्र तू कुणाला देत नसायचीस. ती घरी येऊन नळाखाली धरायचीस, रंग वाहून जायचा, आणि वाळलेल्या कागदाच्या पाठीवर पुढचा रविवार. चांगला कागद मुंबईहून यायचा आणि तो वाया घालवणं म्हणजे तुझ्या लेखी तूप सांडण्यासारखं होतं.

पावसात बाहेर जाणं शक्य नव्हतं. महाडचा पाऊस काही चित्र काढू देणारा पाऊस नव्हे. मग ते चार महिने स्वयंपाकघरात, पूर्वेच्या खिडकीपाशी वस्तू मांडून. त्या दिवसांची आठवण आली की माझा राग बराच निवतो, हे कबूल. मी पाचगणीच्या बोर्डिंगात जाण्याआधीची वर्षं. खिडकीत दोन वांगी, एक लिंबू, तेलाची बुधली. बाहेर पागोळ्या. घरात इतकी ओल की कागदावर लावलेला पहिला हात तासभर वाळायचा नाही, म्हणून बाळाचे कपडे वाळवायची बांबूची टोपली निखाऱ्यांवर उपडी घालून तू तिच्यावर चित्र ठेवायचीस आणि मला राखणीला बसवायचीस. "कडा वळायला लागल्या की हाक मार." माझ्या आयुष्यातली पहिली नोकरी. कोळशाचा आणि ओल्या कागदाचा मिळून एक वास असतो, तो मी अजून कुठेही ओळखीन. बाबा कोर्टातून येऊन विचारायचे, "आज वांग्याची भाजी होती ना?"

"वांगी बसलीयेत," तू म्हणायचीस.

"उठली की सांग," असं म्हणून ते आमटी-भातावर भागवायचे. वांगी तीन-तीन दिवस बसायची. मग सुरकुतलेल्या वांग्यांचं भरीत व्हायचं आणि बाबा पहिल्या घासाला म्हणायचे, "चित्रापेक्षा हे बरं साधलंय."

एकदा तू आत गेलीस तेव्हा मी लिंबू जरासं पुढे सरकवलं. मला वाटलं, तिथे ते जास्त गोजिरं दिसतंय. तू परत आलीस, बसलीस, ब्रश उचललास आणि खाली ठेवलास. आवाज चढवला नाहीस. "वस्तू हलवायची नाही. आपल्याला दिसत नसेल तर आपण हलायचं." एवढंच, पण त्या दिवशी मी जेवले नाही. आजही मी मांडलेल्या वस्तूला हात लावत नाही, खुर्ची सरकवते. तुझ्या अशा वाक्यांची माझ्याकडे मोठी थैली आहे. सावली उजेडाच्या उलट बाजूला असते, हे बघूनही का चुकतेस. पाणी कमी घे. पाणी जास्त घे. एवढ्या वाक्यांत "छान" हा शब्द एकदाही नाही. शोधून दमले.

तो शब्द मला पाचगणीला मिळाला. कॉन्व्हेंटात चित्रकला शिकवणाऱ्या सिस्टर सगळ्यांच्या सगळ्या चित्रांना "लव्हली" म्हणायच्या. मी काढलेल्या घोड्याला लव्हली, शेजारच्या मुलीने काढलेल्या बटाट्यासारख्या घोड्यालाही लव्हली. फार प्रेमळ बाई. पण त्या वर्षी त्यांनी सांगितलं की सुट्टीत प्रत्येकीने बाहेर बसून एक निसर्गचित्र काढून आणायचं, जूनमध्ये प्रदर्शन भरेल आणि पहिल्या आलेल्या मुलीला मुंबईच्या कलाशाळेसाठी शिफारस मिळेल. मी सुट्टीला घरी आले तीच हे घेऊन. बाबा म्हणाले, "पहिली आलीस तर मी आड येणार नाही. नाही आलीस तर मात्र मी सांगेन ते शिकायचं. कबूल?" मी कबूल म्हटलं. तू भाकरी थापत होतीस. तू ऐकत होतीस. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे तू मला माहीत नव्हतं असं म्हणू शकत नाहीस.

आणि मग तो रविवार. आपण दोघी एकाच बांधावर बसलो आहोत, हातभर अंतरावर. तुझ्या मांडीवर मोठा पाट, माझ्या मांडीवर लहान. समोर सावित्रीचं मे महिन्यातलं पात्र, नुसते धोंडे आणि मधेमधे थांबलेलं पाणी. अलीकडे शेत, पेरणीसाठी पालापाचोळा जाळून काळा केलेला तुकडा, आणि पलीकडे प्रतापगडाकडचे डोंगर चढत गेलेले. ऊन अजून तापलेलं नाही. मी डोंगरांचा निळा लावते आणि पहिल्यांदाच त्याला पुन्हा हात लावत नाही. त्याआधी मी प्रत्येक रंगावर चार वेळा ब्रश फिरवून त्याचा चिखल करत असे. त्या दिवशी कशी कोण जाणे, हात उचलला आणि मांडीवर ठेवला. निळा आपल्या आपण खाली उतरला, काळ्या तुकड्याच्या कडेला येऊन थांबला. मी बघत बसले. तू तुझ्याच कागदात होतीस. एकदा मान वळवून माझ्याकडे पाहिलंस आणि परत वळलीस. काही बोलली नाहीस. मी वाट बघितली, पण नाही.

शेताचा मालक आला तो कमरेला कोयता लावून, कवळ म्हणजे शेतात जाळायच्या डहाळ्या तोडून येताना. तुला ओळखत होता. "आलाव का बाय? पोर पन आनलीव आज."

"मुलगी माझी. पाचगणीला शिकते."

"अरं वा. मंग आज दोन कागद." त्याने दोन्ही चित्रं उभ्याने पाहिली. तुझ्या नियमाची कीर्ती त्याच्यापर्यंत पोचली होती, कारण तो लाजत हसत म्हणाला, "ह्यातलं आमाला कोनचं?"

"तुम्हाला कुठलं हवं?"

"तुमी द्याल ते. मला काय कळतंय."

आणि तू, आई, तू तुझ्या पाटाकडे पाहिलंस, मग माझ्या पाटाकडे पाहिलंस, मग पुन्हा तुझ्या. माझ्याकडे पाहिलं नाहीस. हात लांब करून माझ्या कागदाच्या टाचण्या एकेक करून काढल्यास आणि ते चित्र त्याला दिलंस. वर एस.टी. गेली. कॉन्व्हेंटात आम्हाला मोठ्यांच्या मध्ये बोलायचं नाही हे इतकं पक्कं शिकवलं होतं की मी माझ्याच चित्राच्या मध्ये बोलले नाही.

त्याने चित्र हातात धरून समोरच्या शेताशी ताडून पाहिलं. मग म्हणाला, "समदं हाय. पन माझा आंबा नाय काढलान पोरीनं."

आंबा होता. बांधाच्या टोकाला, चित्राच्या अगदी कडेला येत होता, म्हणून मी तो गाळला होता. सिस्टरांनी शिकवलं होतं की कडेला गर्दी नको. मी कसंबसं म्हटलं, "तो चित्रात बसत नव्हता."

"बसत नाय कसा? माझ्या बापानं लावलान तो. तिथवर आमचं, त्याच्या पलीकडं भावकीचं. आंबा नाय तर हे शेत कुनाचं, कुनी सांगायचं?"

तू हसलीस. मला म्हणालीस, "घाल ना त्यांचा आंबा. दोन मिनिटांचं काम." चित्र परत माझ्या मांडीवर आलं. मी गडद हिरवा घेतला आणि अशा काही रागाने तो आंबा ठोकला की ब्रशचे केस फाकले. चित्र परत गेलं. तो माणूस खूश होऊन, ओला कागद दोन्ही हातांनी आडवा धरून घराकडे चालायला लागला. आणि तू माझं सामान आवरता आवरता म्हणालीस, "आंब्याची सावली विसरलीस."

घरी आल्यावर तू तुझं चित्र नळाखाली धरलंस आणि धुऊन टाकलंस. मी दारातून बघत होते. निळं, काळं, पिवळं पाणी मोरीतून वाहत गेलं आणि मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पुढचे रविवार ढगाळ गेले, मग वळीव आला आणि सुट्टी संपली. प्रदर्शनाला मी स्वयंपाकघरातली तेलाची बुधली पाठवली. बाहेर बसून काढलेलं चित्र हवं होतं, त्यामुळे ती स्पर्धेतच घेतली नाही. सिस्टर तिलाही लव्हली म्हणाल्या. पहिला नंबर आला तो बर्फाने झाकलेल्या घराच्या चित्राचा. काढणारीने बर्फ कधी बघितला नव्हता आणि सुट्टी तिने भुसावळला काढली होती. बाबांनी शब्द पाळला, मीही पाळला. त्यांच्या सांगण्यावरून मी मुंबईत आरेखनाचा कोर्स केला आणि सरकारी वास्तुशास्त्रज्ञांच्या कचेरीत ट्रेसर म्हणून लागले. दुसऱ्यांनी काढलेल्या रेघा पारदर्शक कागदावर शाईने उतरवायच्या. माझ्या हाताला थरथर नव्हती, तुझ्या शिस्तीतली मुलगी, त्यामुळे बढत्या मिळाल्या. मला ते काम आवडायचं. मी वाया गेले, असं कुणी म्हटलेलं मला खपत नाही. पण न विचारता दिलंस ते दिलंस.

मधल्या वर्षांत विचारलं का नाहीस, असं तू म्हणशील. विचारलं होतं. नोकरीला लागल्यावर एका गणपतीत घरी आले होते. तू उकड मळत होतीस. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "आई, त्या वेळी तू माझं चित्र का दिलंस गं?" तू उकडीला पाण्याचा हात लावलास आणि म्हणालीस, "कुठलं चित्र?"

त्यावर मी काही बोलले नाही, कारण बोलले असते तर मोदक झाले नसते. तुला खरंच आठवत नव्हतं की तू मला तिथेच थांबवलंस, हे मला आजवर कळलेलं नाही. या पत्राचं अर्धं कारण ते दोन शब्द आहेत.

सध्याचं सांगते. निवृत्त झाल्यावर मी महाडलाच परत आले. फ्लॅट लहान आहे, गॅलरी मोठी आहे. सकाळी खालून औद्योगिक वसाहतीच्या बस जातात, पहिल्या पाळीची माणसं खिडकीला डोकं टेकून झोपलेली असतात. धुराडी दिसतात, आणि हिवाळ्यात सूर्य त्या धुरामागून वर येतो तेव्हा जो रंग होतो तो पेटीत नाही, तीन रंग मिसळावे लागतात. मी तीही काढते. तुला आवडली असती. पावसात वस्तू मांडते, वांगी अजून बसतात, फक्त भरीत मला एकटीला संपत नाही. रविवारी एक ठरलेला रिक्षावाला मला पोलादपूरच्या पलीकडे, उमरठच्या रस्त्याला नेतो आणि दुपारी परत आणतो. आपला तो बांध आता रुंद झालेल्या हायवेखाली कुठेतरी आहे, मी शोधायला गेले नाही. माझ्या वयाच्या बायका गुडघे धरून बसतात, मी घडीच्या खुर्चीवर बसते, एवढाच फरक. दिवस चांगले जातात. खरं तर इतके चांगले दिवस मला आधी आठवत नाहीत.

पण चित्रं मी कुणाला देत नाही. सगळी ठेवली आहेत, पलंगाखाली, कपाटावर, पेट्यांत. पावसात त्यांना बुरशी येते, मी फडक्याने पुसते आणि परत ठेवते. ज्याने एकदा चित्र गमावलं तो असाच होतो.

तर आता अडचण. या हंगामात मी एका बाईंच्या खळ्यावर बसते. साठीच्या असतील, मुलगे मुंबईत, घरात त्या आणि एक म्हैस. चार महिने त्यांनी मला ताक दिलं, सावलीला गोणपाट बांधून दिलं, कधी काही विचारलं नाही. गेल्या रविवारी मी सामान भरत होते तेव्हा म्हणाल्या, "मावशी, चार म्हैने माझ्या खळ्यावर बसताव. एक तरी मला देवाल का नाय?"

त्यांना तुझा नियम कुठून माहीत असणार, तेव्हा त्यांचा जन्मही नसेल. आपल्या मनानेच त्यांनी तो काढला. मला इतका राग आला की काय सांगू. मी विचारलं, "काय करशील घेऊन?"

"मुंबईला पोराच्या खोलीत लावीन. सून म्हनते गावात हाय काय. तिच्या समोरच लावीन, टीव्हीच्या वर. म्हनावं, बघ रोज."

मी म्हटलं, "बघते." येत्या रविवारी हंगामाचा शेवटचा फेरा आहे, पुढे पाऊस. तेव्हा द्यायचं किंवा नाही म्हणायचं.

त्यांच्या खळ्यावरची बाकीची चित्रं सामान्य आहेत, ती मी बाजूला केली. दोन उरली. गेले चार दिवस ती टेबलावर शेजारी शेजारी ठेवली आहेत आणि मी येता-जाता बघते. आणि प्रत्येक वेळी मला तू दिसतेस, तुझ्या पाटाकडे, माझ्या पाटाकडे, परत तुझ्या पाटाकडे बघणारी. त्या वेळी तू काय पाहिलंस? जमलेलंच चित्र द्यायचं हा तुझा शिरस्ता होता, आणि तुझं तू धुतलंस, म्हणजे माझं बरं होतं, असं मी एका बाजूने धरून चालते. लगेच वाटतं, तुझं धुतलंस ते मनाला लागलं म्हणून, किंवा नुसता कागद हवा होता म्हणून. किंवा कुणाचं द्यायचं याचा तू विचारच केला नाहीस, मुलीचं ते आपलंच, तेव्हा कुठलंही द्या. हे शेवटचं असेल तर मला सांगू नकोस. बाकी काहीही चालेल. मी हिशेब लावत बसणारी बाई नाही, मला सरळ वाक्य हवं आहे. माझं चित्र चांगलं होतं की नव्हतं? हो किंवा नाही. सावलीचा विषय काढायचा नाही.

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही, तेवढी मी अजून शहाणी आहे. पण एक गोष्ट लिहून ठेवते, दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखी नाही. मला त्या बाईंना टेबलावरचं दोन नंबरचं चित्र द्यायचं होतं, आणि पहिलं स्वतःला ठेवायचं होतं. चार दिवस झाले, त्या दोन्हींतलं पहिलं कुठलं हे मला ठरवता येत नाही. इतकी वर्षं चित्रं काढून, इतका राग धरून, हे एकटीने सांगायला मी शिकलेच नाही.

रविवारी सकाळी रिक्षा येईल. तुझं उत्तर शनिवारी संध्याकाळी सहाच्या आत मिळालं पाहिजे. लेखी.